मामा, पाच एक्सची बार्लो घेऊ का? वेबकॅमनं ग्रह टिपणाऱ्यांसाठी

परवा अंबाजोगाईहून भाच्याचा फोन आला. "मामा, पाच एक्सवाली बार्लो मिळायलीय स्वस्तात, घेऊन टाकू का? गुरू लई मोठा दिसंल." मी म्हटलं पैसे पाठवलेस का? नाही म्हणला. मग म्हटलं थांब, रात्री निवांत बोलू. कारण तसलीच एक पाच एक्स, म्हणजे चित्र पाचपट मोठं करणारं दुर्बिणीचं जोडभिंग, माझ्या कपाटात फडक्यात गुंडाळून पडलीय, घेतल्यापासून चार वेळा बाहेर निघाली असंल, आणि चारही वेळा लॅपटॉपवर गुरू म्हणजे ताकावर तरंगणारा लोण्याचा गोळा. त्या रात्री त्याला जे सांगितलं तेच इथं लिहायलो, कारण हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच.

आधी बार्लो करते काय ते बघा. ते एक अंतर्गोल भिंग असतं, आरशावरून किंवा पुढच्या मोठ्या भिंगातून आलेला प्रकाश एका बिंदूला जमायच्या जरा आधी त्याला अडवतं आणि त्याचा उतार कमी करतं, म्हणजे तो प्रकाश जास्त लांब जाऊन जमतो. दुर्बिणीची फोकल लेंथ, म्हणजे आरशापासून किंवा भिंगापासून प्रकाश जमतो तिथवरचं अंतर, वाढल्यासारखी होते, बाकी काही नाही. पीटर बार्लो नावाच्या इंग्रज गणितज्ञाची ही कल्पना, १८३० च्या दशकात दुर्बिणी बनवणाऱ्या डॉलंड यांनी तसं भिंग बनवलं, आणि आजही मूळ गोष्ट तीच आहे. दुर्बिणीच्या आरशाचा आकार मात्र ती वाढवत नाही हो. जमा झालेला प्रकाश तेवढाच राहतो, फक्त पसरतो. तेवढंच पीठ घेऊन मोठी भाकरी थापायला गेलं की ती पातळ होते आणि तव्यावर टाकताना फाटते, तसंच. २एक्स लावली की कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या एका ठिपक्यावर, म्हणजे पिक्सेलवर, पडणारा प्रकाश चौथा हिस्सा उरतो, ३एक्सला नववा, आणि भाच्याच्या त्या ५एक्सला पंचविसावा.

आता मुख्य मुद्दा. बार्लो दुर्बीण बघून घ्यायची नसते आणि ग्रह बघून तर मुळीच नाही, कॅमेऱ्याचा पिक्सेल बघून घ्यायची. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) किती ते शोधा, त्याला पाचनं गुणा, जो आकडा येईल तेवढा एफ रेशो तुम्हाला शेवटी पाहिजे. दुर्बिणीचा स्वतःचा एफ रेशो म्हणजे फोकल लेंथ भागिले आरशाचा व्यास, तो बहुतेक वेळा नळीवरच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. पाहिजे असलेल्याला असलेल्यानं भागलं की बार्लो किती एक्सची ते निघालं. झालं. पाचपट कामून, तर दुर्बीण जे बारीकातलं बारीक दाखवू शकते ते टिपायला त्याच्यावर किमान दोन पिक्सेल पडावे लागतात, हिरव्या उजेडासाठी तो हिशोब पिक्सेलच्या साधारण ३.६ पटीला येतो, पण आपल्या वेबकॅमवर लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांची जाळी असते, प्रत्येक पिक्सेल प्रत्येक रंग बघत नाही, म्हणून थोडं वर जायचं. हवा फारच शांत असेल तर सातपटीपर्यंत जाऊन बघा. त्याच्या पुढं नवीन काही दिसत नाही, तेच दिसतं, फक्त मोठं आणि अंधुक.

मग हे ३एक्स, ५एक्सचं खूळ आलं कुठून? जुन्या काळातून. वीसेक वर्षांपूर्वी सगळे लोक फिलिप्सचा टूकॅम नावाचा वेबकॅम वापरायचे, त्याचा पिक्सेल ५.६ मायक्रॉनचा. पाचनं गुणा, एफ/२८. म्हणजे एफ/८ च्या दुर्बिणीला साडेतीन एक्स लागायची आणि एफ/५ वाल्याला खरंच साडेपाच. त्या लोकांचं बरोबरच होतं! पण आताच्या वेबकॅमचे पिक्सेल निम्मे झालेत, लॉजिटेकच्या सी२७० चा साधारण २.८ मायक्रॉन आहे, ग्रहांसाठी म्हणून जे छोटे कॅमेरे मिळतात त्यातले बरेच २.९ चे, आणि सल्ला मात्र तोच जुना फिरतोय.

भाच्याकडं सहा इंची न्यूटोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण आहे, १५० मिलिमीटर आरसा, १२०० फोकल लेंथ, म्हणजे एफ/८, आणि वेबकॅम २.८ चा. २.८ गुणिले ५ म्हणजे १४. १४ भागिले ८, पावणेदोन. पावणेदोन एक्स सहसा मिळत नाही, २एक्स घ्यायची, एफ/१६ होतं, चालतंय. त्यानं ५एक्स लावली असती तर एफ/४०. गुरू प्रतियुतीच्या, म्हणजे तो आकाशात सूर्याच्या बरोबर समोर असतो त्या दिवसांच्या, आसपास साधारण ४५ आर्कसेकंदांचा (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) दिसतो, २एक्सनं तो स्क्रीनवर १८७ पिक्सेलचा येतो आणि ५एक्सनं ४६७ पिक्सेलचा. ऐकायला भारी वाटतं, पण वेबकॅमला सेकंदाला तीस फ्रेम पाहिजेत म्हणजे एका फ्रेमला जास्तीत जास्त एक तीसांश सेकंद, तेवढ्या वेळात पंचविसावा हिस्सा उजेड, मग गेन, म्हणजे कॅमेऱ्यातली उजेड वाढवायची सेटिंग, पूर्ण वर न्यायचा, मग सगळीकडं मुंग्या. शनीचं तर विचारूच नका, तो सूर्यापासून इतका लांब की त्याच्यावर गुरूपेक्षा तिपटीनं कमी ऊन पडतं, त्यामुळं गुरूवर जमेल ती बार्लो शनीवर जमेलच असं नाही.

बाकीच्यांसाठी पटकन सांगतो, वेबकॅम २.८-२.९ चाच धरून. एफ/५ ची छोटी न्यूटोनियन, ती १३०/६५० वाली खूप जणांकडं असते, तिला ३एक्स. आठ इंची एफ/६ डॉब्सोनियनला, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरच्या न्यूटोनियनला, अडीच एक्स मिळाली तर उत्तम, नाहीतर २एक्स. एफ/१० च्या श्मिट-कॅसेग्रेनला, म्हणजे आरसा आणि काच दोन्ही असलेल्या बुटक्या दुर्बिणीला, दीड एक्स पुरते, आणि ती वेगळी विकत घ्यायची गरज नसते, कशी ते पुढं येतंय.

पण वेबकॅमचा एक डाव आहे, त्यात मी स्वतः फसलोय. काही वेबकॅम ६४० बाय ४८० वर लावले की सेन्सरचा मधला तुकडा देत नाहीत, सगळा सेन्सरच आकसून देतात. म्हणजे दोन-दोन पिक्सेलचा एक होतो, तुमचा २.८ चा पिक्सेल ५.६ चा होऊन बसतो आणि सगळा हिशोब दुप्पट. तपासायला सोपं आहे, गुरू किंवा दिवसा लांबचा मोबाईल टॉवर स्क्रीनवर घ्या आणि सेटिंग बदला, चित्र पिक्सेलमध्ये मोजून तेवढंच राहिलं तर कॅमेरा कापायलाय, निम्मं झालं तर आकसायलाय. आकसणारा असेल तर मोठ्या रिझोल्युशनवर रेकॉर्ड करा, किंवा मग खरंच ३एक्सकडं जा.

आता बार्लोवर छापलेला आकडा. तो खरा नसतो. खोटाही नसतो, पण तो आयपीससाठी, म्हणजे डोळा लावायच्या भिंगासाठी, असतो. बार्लो किती वाढवते हे तिच्या भिंगापासून सेन्सर किती लांब आहे त्यावर ठरतं. हे अंतर भागिले बार्लोची स्वतःची फोकल लेंथ, अधिक एक. समजा लांब नळीची बार्लो आहे, फोकल लेंथ १०० मिलिमीटर, सेन्सर १०० वर असला की २एक्स. आता वेबकॅम दुर्बिणीत बसवायचं नळकांडं, मध्ये एखादा अडॅप्टर, असं करत सेन्सर ३० मिलिमीटर मागं गेला तर २.३. बुटकी बार्लो असेल, समजा ६५ मिलिमीटरची, तर तेवढ्याच ३० नं ती अडीचच्या जवळ जाते. म्हणून बुटकी बार्लो हातात छान वाटली तरी कॅमेऱ्यासाठी लांब नळीची बरी, आकडा कमी उड्या मारतो आणि प्रकाशाला तीव्र वळण द्यावं लागत नाही. लेन्सवाल्या दुर्बिणीत डायगोनलच्या, म्हणजे प्रकाश काटकोनात वळवणाऱ्या तुकड्याच्या, आधी बार्लो घातली तर अंतर आणखी सत्तर-ऐंशी मिलिमीटर वाढतं, २एक्सची जवळपास तीनच होते, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

याचाच उलटा फायदा पण घेता येतो. बऱ्याच २एक्स बार्लोच्या खालची काळी भिंगाची वाटी आटे फिरवून निघते. ती काढून सरळ वेबकॅमच्या नळकांड्याला, जिथं फिल्टर बसतो तिथं लावायची. अंतर चाळीस-पन्नास मिलिमीटर राहतं, मग दीडच्या आसपास मिळतं. एका पैशात दोन बार्लो. घेताना दुकानात असाल तर वाटी निघते का ते तिथंच बघा, पण वर भिंगाला बोट लावू नका आणि दुकानदाराच्या डोळ्यादेखत जोर लावून आटे तर मुळीच फिरवू नका.

खरा आकडा मोजायचा तर गुरूचं एक चांगलं चित्र घ्या, त्याची रुंदी पट्ट्यांच्या दिशेनं पिक्सेलमध्ये मोजा, वर-खाली नको कारण गुरू ध्रुवांकडं चपटा आहे. त्या दिवशी गुरू किती आर्कसेकंदाचा आहे ते स्टेलेरियम नावाच्या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मिळतं. मग २०६ गुणिले पिक्सेलचा आकार गुणिले मोजलेले पिक्सेल, भागिले आर्कसेकंद, ही झाली मिलिमीटरमध्ये तुमची खरी फोकल लेंथ. भाच्यानं २एक्स घेतल्यावर पहिल्याच रात्री मोजलं, २०६ पिक्सेल भरले. हिशोब २६४० च्या आसपास आला, भागिले १२००, सव्वादोनच्या जवळ. त्याला वाटलं फसवलं आपल्याला. म्हटलं नाही रे, तुझं नळकांडं लांब आहे.

टेलीसेंट्रिक नावाचा एक महाग प्रकार असतो, टेलीव्ह्यूची पॉवरमेट वगैरे, त्यात पुढं आणखी भिंगं असतात म्हणून सेन्सर मागं-पुढं झाला तरी आकडा फारसा हलत नाही. असेल तर सुख आहे. पण वेबकॅमच्या चार-पाच पट किमतीची बार्लो त्याच वेबकॅमला लावायची म्हणजे सायकलला चांदीची घंटा. जीएसओ, सेलेस्ट्रॉन यांच्या साध्या दोन भिंगांच्या ॲक्रोमॅटिक २एक्सवर सुरुवातीची दोन-तीन वर्षं आरामात निघतात. एफ/५ वाल्यांनी मात्र जरा बरी घ्यावी, तीन भिंगांची मिळाली तर तीच, कारण तिथं प्रकाश तिरका आणि पसरट येतो, हलक्या बार्लोत कडेला रंग सुटतात. एफ/८, एफ/१० वर तीच हलकी बार्लो गुमान काम करते.

दुर्बिणीच्या खोक्यात फुकट येते ती प्लॅस्टिकची ३एक्स? लेकरांना खेळायला द्या. तिच्यात बहुतेक एकच भिंग असतं, तेही कधी प्लॅस्टिकचं, आणि नळी आतून चकचकीत. हातात बार्लो आली की उजेडाकडं धरून आतून बघा, आतली भिंत मेल्यासारखी काळी पाहिजे, चमकली तर गुरूच्या बाजूला पांढरट धुकं येणार म्हणून समजा. भिंगावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब हिरवट-जांभळं दिसलं तर कोटिंग आहे, पांढरंशुभ्र दिसलं तर नाही. वर कॅमेरा आवळायला नुसता एक स्क्रू असतो किंवा आत पितळेची रिंग असते, रिंगवाली घ्या, एकट्या स्क्रूनं वेबकॅम एका बाजूला कलतो आणि मग तुम्ही रात्रभर आरसा जुळवत बसता, दोष आरशाचा नसतोच. दोन बार्लो एकावर एक लावायचा विचार आला तर पाणी प्या आणि झोपा.

अजून एक, वेबकॅमची पुढची छोटी लेन्स आपण काढून टाकतो, बरोबर? इन्फ्रारेड अडवणारी काच बऱ्याचदा त्या लेन्सलाच चिकटलेली असते, तीही गेली. आरशाच्या दुर्बिणीवाले म्हणतात आम्हाला काय त्याचं, आरसा सगळ्या रंगांना एकाच जागी आणतो. आरसा आणतो हो, पण बार्लो काच आहे. इन्फ्रारेड वेगळ्या जागी जमतो आणि गुरूभोवती लालसर गाळ दिसतो. म्हणून नळकांड्याच्या तोंडाला यूव्ही-आयआर कट फिल्टर लावा. बार्लोच्या बजेटमधनंच ते पैसे बाजूला काढा. नळकांडं विकत मिळतं, नाहीतर जुन्या फोटो स्टुडिओत रोलची काळी प्लॅस्टिक डबी मिळाली तर ती सव्वा इंची फोकसरमध्ये, म्हणजे दुर्बिणीच्या मागं-पुढं सरकणाऱ्या नळीत, जवळपास बरोबर बसते, बूड कापा आणि वेबकॅमला चिकटवा. माझं पहिलं असंच होतं.

बार्लोचा एक छुपा फायदाही आहे. छोट्या न्यूटोनियनला नुसता वेबकॅम लावला तर बऱ्याचदा फोकसच होत नाही, फोकसर पार आत जाऊन अडकतो. बार्लो फोकस बाहेर ढकलते, त्यामुळं तिच्यासकट होतो. आरसा पुढं सरकवायला स्क्रू बदलायच्या आधी हे करून बघा.

मोटर नसलेली डॉब्सोनियन असेल तर एक्स अजून जपून. पृथ्वी फिरते म्हणून गुरू सेकंदाला साधारण १४ आर्कसेकंद सरकतो. भाच्याच्या दुर्बिणीवर १२८० पिक्सेलच्या रुंदीतून २एक्सनं तो २२ सेकंदांत पार होतो, ३एक्सनं १५, ५एक्सनं ९. नऊ सेकंदांत हात काढेपर्यंत थरथर थांबत नाही, तोवर गुरू गायब. बाजूनं आणून सोडायचा, पार होऊ द्यायचा, परत आणायचा, असे आठ-दहा तुकडे जोडले तरी स्टॅकिंगला, म्हणजे व्हिडिओतल्या फ्रेम एकावर एक रचून एक चित्र करायला, पुरतात. मोटर असली तरी दोन मिनिटांच्या वर एक व्हिडिओ नको. गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, मधोमध असलेला लाल डाग मिनिटाला जवळपास पाव आर्कसेकंद सरकतो, म्हणजे २एक्सवर मिनिटाला एक पिक्सेल. ५एक्सवर तेच अडीच पिक्सेल.

आता आपल्याकडची हवा. मराठवाड्यातल्या माणसाला एक गोष्ट फुकट मिळालीय, ती म्हणजे उंची. २०२६ च्या जानेवारीत गुरू मिथुनेत होता तेव्हा परभणी-नांदेडवरून तो मध्यरात्री जवळपास डोक्यावर यायचा, २०२७ च्या फेब्रुवारीत प्रतियुतीला पण तसाच येणार. युरोपातली माणसं क्षितिजाजवळच्या ग्रहांचे रंग जुळवायला वेगळी प्रिझम लावतात, आपल्याला अशा वेळी त्याची गरज नाही. डॉब्सोनियनवाल्यांना मात्र ठीक डोक्यावरचा ग्रह पकडणं म्हणजे कसरत, एक तास आधी किंवा एक तास नंतर घ्या, तेव्हाही तो ७५ अंशांवर असतो.

आणि जे फुकट मिळालं ते आपण गच्चीवर घालवतो. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर सोडतो, एप्रिलमध्ये तर अकरा वाजता पण अनवाणी पाय टेकवत नाही, आणि त्या स्लॅबवर दुर्बीण ठेवून लोक बार्लोला शिव्या देतात. लॅपटॉपवर गुरूची कड उकळत्या पाण्यासारखी वळवळायली की समजायचं हवा आहे, भिंग नाही. अशा वेळी ३एक्स काढून २एक्स, २एक्स काढून वाटीवाली दीड, असं खाली यायचं. लोक उलटं करतात, दिसंना म्हणून अजून वाढवतात. मी तर सरळ शेतातल्या आखाड्यावर जातो, मोकळी माती लवकर थंड होते, फक्त शेजारच्या शिवारात कुणी उसाचं पाचट पेटवलेलं नसावं. रात्रीची थ्री फेज आली की विहिरीची मोटर चालू करायला कुणीतरी बॅटरी घेऊन येतं आणि सरळ तोंडावर मारतं. मारू द्या, ग्रहाच्या फोटोला काळाकुट्ट अंधार लागत नाही, शहराच्या दिव्यांनी काही बिघडत नाही, बिघडतं ते गरम सिमेंटनं. एकदा तिथं आमच्या गेवराईच्या पाहुण्यांनी शनी बघितला, शनीचं देऊळ असलेल्या राक्षसभुवनच्या बाजूची माणसं, चप्पल काढून लॅपटॉपला हात जोडले. त्या रात्री १.५ वर होतो, शनी स्क्रीनवर बोराएवढा, पण कड इतकी स्वच्छ की कुणी मोठा कर म्हटलं नाही.

३एक्स घ्यायचीच असेल तर दुसरी म्हणून घ्या. थंडीतल्या त्या पहाटा, जेव्हा वारा पडलेला असतो आणि तारे लुकलुकत नाहीत, त्या तिच्यासाठी. मंगळासाठी पण कामाला येते, २०२७ च्या फेब्रुवारीतल्या प्रतियुतीला तो जेमतेम १४ आर्कसेकंदांचा असणार, २एक्सवर साठ पिक्सेल सुद्धा भरत नाही. पण तेवढा लहान असला तरी उजळ असतो, पसरलेला उजेड त्याला परवडतो.

लावताना क्रम असा ठेवा. आधी आरसा जुळवून घ्या, दुर्बीण तासभर बाहेर थंड होऊ द्या. मग साध्या आयपीसनं ग्रह मधोमध, मग बार्लो आणि आयपीस, परत मधोमध, आणि शेवटी आयपीस काढून वेबकॅम. थेट वेबकॅम लावून ग्रह शोधायला गेलात तर पहाट होते. स्क्रीन काळी दिसली तर ग्रह नाही असं नसतं, फोकस इतका बिघडलेला असतो की तो पसरून गेलेला असतो, गेन वर करून फोकसर हळू फिरवा, आधी मोठं फिकट कडं दिसतं. फोकस गुरूवर न करता त्याच्या चंद्रावर करा, ठिपका बारीकात बारीक झाला की हात काढा.

भाच्यानं शेवटी विचारलं, ती पाच एक्स अर्ध्या किमतीत द्यायलेत, मग? म्हटलं माझी फुकट घेऊन जा, कपाटातली. अजून आला नाही न्यायला.